संरक्षणखात्याच्या बखरी

इ.स. १८९८ सालीं राजवाड्यांनीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला, त्या गोष्टीस आतां सव्वाशेंहून अधिक वर्षें लोटलीं. पानिपतापूर्वींच्या दहाबारा वर्षांतील मूळ पत्रें त्या खंडांत होतीं. आणि त्यांस जोडलेल्या दीर्घ प्रस्तावनेंत बखरकारांच्या लेखनाची जी निर्दय झडती राजवाड्यांनीं घेतली ती वाचून कित्येक सुशिक्षित वाचक दचकले असतील. तोंपर्यंत पानिपत म्हणजे भाऊसाहेबांची बखर, असेंच मराठी मन धरून चाललें होतें. बखरींत माणसें बोलतात, रुसतात, एकमेकांचा पाणउतारा करतात. तारखा मात्र चुकतात, सैन्याचे आंकडे फुगतात, आणि पराभवाचें खापर कोणा तरी एकाच्या माथीं फोडून बखरकार मोकळा होतो. पत्रांत रसाळपणा कमी. परंतु पैका कोठें अडला, रसद किती उरली, कोणाची सूचना कोणास केव्हां पोंचली, हें पत्रांवरूनच कळतें.

ही जुनी गोष्ट येथें आठवण्याचें कारण असें. गेले कांहीं महिने आम्ही स्वतंत्र भारताच्या संरक्षणखात्याविषयीं उपलब्ध असलेलें वाङ्मय ओळीनें वाचीत होतों; आणि वाचतां वाचतां आमची अशी खात्री होत गेली कीं, या विषयांत आपण अद्यापि राजवाड्यांच्या पूर्वींच्याच काळांत वावरत आहोंत. बखरी पुष्कळ झाल्या. कागद पेटाऱ्यांतच आहेत.

हें वाचन आम्हीं हातीं घेतलें तें एका विद्यार्थ्यामुळें. वर्गांत कांहीं संदर्भानें यशवंतराव चव्हाणांचें नांव निघालें. हिमालयावर संकट आलें तेव्हां सह्याद्रि त्याच्या मदतीस धांवून गेला, हें आपल्याकडे सर्वतोमुखीं झालेलें वाक्य आम्हीहि संवयीनें बोलून गेलों. मागच्या बांकावरून एका मुलानें विचारलें, "सर, सह्याद्रि तेथें पोंचला तेव्हां लढाई थांबलीच होती ना? मग पुढें चार वर्षें तो तेथें काय करीत होता?" वर्ग हंसला. आम्हांस हंसतां आलें नाहीं. कारण उत्तर आम्हांस ठाऊक नव्हतें. मुलाचा कालक्रम अगदीं बरोबर होता. चिनी फौजांनीं २० ऑक्टोबर १९६२ रोजीं चढाई केली. चव्हाणांनीं संरक्षणमंत्री म्हणून शपथ घेतली ती २१ नोव्हेंबरला. आणि चीननें एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली तीहि नेमकी त्याच सुमारास. तीस वर्षें अध्यापन केलेल्या माणसानें एखाद्या वाक्यावर इतकें निश्चिंतपणें विसंबून राहावें, याची आम्हांस लाज वाटली.

खात्याचा पूर्वेतिहास थोडक्यांत सांगितला पाहिजे, कारण पुढच्या सर्व भांडणांचें बीं त्यांत आहे. इ.स. १७७६ सालीं ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारनें कलकत्त्यास एक लष्करी खातें स्थापिलें. त्याचें काम मुख्यतः कारकुनी: लष्करासंबंधीं निघणारे हुकूम चाळणें आणि नोंदून ठेवणें. बंगाल, मद्रास व मुंबई या तीन इलाख्यांच्या फौजा निरनिराळ्या होत्या. त्या १८९५ सालीं एक झाल्या. यानंतर दहाच वर्षांनीं तें सुप्रसिद्ध भांडण झालें. व्हाइसरॉयच्या मंडळांत त्या वेळीं सैन्याविषयीं बोलणारे दोघे असत. एक सरसेनापति; दुसरा लष्करी खात्याचा सभासद. हा दुसरा गृहस्थहि शिपाईच, पण हुद्द्यानें कनिष्ठ. आणि तरीहि सरसेनापतीच्या सूचनेवर आपला अभिप्राय लिहून तो व्हाइसरॉयपुढें ठेवण्याचा त्यास अधिकार. लॉर्ड किचनेर यांस हें असह्य झालें. कर्झन यांचें म्हणणें असें कीं, दुसरें मत ऐकण्याची ही सोय गेली तर सर्व लष्करी सत्ता एकाच माणसाच्या मुठींत जाईल. विलायतेनें किचनेर यांचा पक्ष घेतला, आणि १९०५ च्या ऑगस्टांत कर्झन यांनीं राजीनामा दिला. बंगालच्या फाळणीमुळें कर्झन हें नांव आपल्याकडे शिवीसारखें झालें आहे आणि तें योग्यच आहे; तथापि या एका वादांत त्यांची बाजू खरी होती असें आमचें मत आहे. मात्र एक गोष्ट दोघांच्याहि ध्यानांत आली नाहीं. त्याच काळांत कायदेकौन्सिलांत बसून गोखले वर्षानुवर्षें लष्करी खर्चाविषयीं बोलत होते. १८९७ सालीं विलायतेंत वेल्बी कमिशनपुढें दिलेल्या साक्षींतहि त्यांनीं हा विषय काढला होता. सेनेचा खर्च जो सोसतो त्या रयतेचें मत, हें तिसरें मत. तें व्हाइसरॉय आणि सरसेनापति यांच्या भांडणांत कोणाच्या खिजगणतींतहि नव्हतें.

१९३८ सालीं या खात्यास 'डिफेन्स' हें नांव मिळालें, आणि १९४७ च्या ऑगस्टांत त्याचें मंत्रालय झालें. पहिले मंत्री सरदार बलदेवसिंग. १९५५ सालीं सरसेनापति ही पदवी जाऊन तिन्ही दलांचे प्रमुख हे आपापल्या दलाचे 'चीफ ऑफ स्टाफ' झाले. येथवर सर्व ठीक. परंतु या प्रमुखांच्या कचेऱ्या मंत्रालयाच्या पोटांत न घेतां त्या 'संलग्न कचेऱ्या' म्हणून बाहेर ठेवण्यांत आल्या. परिणाम असा झाला कीं, सेनापतीचें मत फाइलींतून वर चढावयाचें तें सचिवाच्या टेबलावरून. कर्झन यांच्या त्या लष्करी सभासदाची जागा एका परीनें सचिवानें घेतली. फरक एवढाच कीं तो सभासद निदान शिपाई तरी होता. ही व्यवस्था बरी कीं वाईट, यावर पुढें साठ वर्षें वाद चालला. २०१९ च्या अखेरीस सरकारनें तिन्ही दलांवर एक संरक्षणदलप्रमुख नेमण्याचें ठरविलें व मंत्रालयांतच लष्करी कारभाराचा एक विभाग काढला, तेव्हां कोठें त्या वादास वेगळें वळण मिळालें.

आतां बखरींकडे वळूं.

त्यांतली सर्वांत वाचली गेलेली म्हणजे ब्रिगेडियर दळवी यांचें 'हिमालयन ब्लंडर'. जॉन परशुराम दळवी हे सातव्या ब्रिगेडचे अधिपति. नामका चू नदीच्या कांठीं त्यांची ब्रिगेड उद्ध्वस्त झाली, आणि २२ ऑक्टोबर १९६२ रोजीं ते स्वतः चिन्यांच्या हातीं सांपडले. पुढच्या मे महिन्यांत त्यांची सुटका झाली. पुस्तक १९६९ सालीं निघालें. आपल्या पुस्तकाचा जन्म तिबेटांतल्या बंदिवासांत झाला असें ते सांगतात, आणि त्याची खूण पानोपानीं पटते. संतापानें लिहिलेलीं पुस्तकें बहुधा वाईट असतात. हें त्यास अपवाद आहे. कारण दळवींचा संताप नुसता विशेषणांत नाहीं, तो तपशिलांत आहे. उन्हाळी कपड्यांत दहाबारा हजार फुटांवर चढविलेले शिपाई, खाली दरीत वाया जाणारीं विमानांतून टाकलेलीं गांठोडीं, नकाशावर बोट ठेवून दिल्लीनें ठरविलेल्या जागा, हें सर्व वाचतांना डोळ्यांपुढें उभें राहतें. दळवींचा दोष निराळाच आहे. जें त्यांनीं पाहिलें तें ते उत्तम सांगतात. पण दिल्लींत काय झालें हेंहि ते तितक्याच ठामपणें सांगूं लागतात, आणि तेथें त्यांजपाशीं ऐकीव गोष्टींपलीकडे फारसा आधार नाहीं. साक्षीदार येथें नकळत न्यायाधीशाच्या खुर्चीवर जाऊन बसतो.

जनरल कौल यांचें 'द अनटोल्ड स्टोरी' त्याच्या दोन वर्षें आधींचें, १९६७ चें. दळवींच्या पुस्तकांत ज्यांच्यावर सर्वाधिक राग आहे तेच हे. दोन्ही पुस्तकें शेजारी ठेवून वाचलीं म्हणजे एक गमतीची गोष्ट दिसते. कौल अंबाल्यास चौथ्या डिव्हिजनचे अधिपति असतांना त्यांनीं शिपायांच्या हातून त्यांच्याच निवासासाठीं घरें बांधविलीं. या कामास त्यांनीं 'अमर' असें नांव दिलें होतें. कौल यांस तें आपल्या कर्तबगारीचें प्रकरण वाटतें. हीच चौथी डिव्हिजन १९५९ च्या अखेरीस पंजाबच्या मैदानांतून नेफाच्या डोंगरांत पाठविण्यांत आली, आणि तिच्याच एका ब्रिगेडचे अधिपति म्हणून दळवी जेव्हां लिहितात, तेव्हां त्यांस तींच घरें कवाइतीचे वायां गेलेले दिवस म्हणून आठवतात. घरें तींच, विटा त्याच. एकाच्या पुस्तकांत तीं कीर्तिस्तंभ होतात, दुसऱ्याच्या पुस्तकांत आरोपपत्र. कौल यांच्या लेखनास वेग आहे, धडाडी आहे, परंतु 'मीं' या शब्दाचा त्यांत इतका सुकाळ आहे कीं, चारशें पानें वाचूनहि त्यांच्या आजूबाजूची माणसें आपणांस नीट दिसत नाहींत. युद्धाच्या ऐन तोंडावर ते आजारी पडून नामका चूवरून दिल्लीस परतले. त्या प्रसंगाचें समर्थन करण्यांत त्यांची जी शक्ति खर्च झाली तिच्या निम्म्यानें त्यांनीं कोअरचा कारभार कसा चालला हें सांगितलें असतें तर वाचकावर उपकार झाले असते.

कोल्हापूरकडचे लेफ्टनंट जनरल थोरात यांचें आत्मचरित्र १९८६ सालीं निघालें. पूर्वेकडील सेनाविभागाचे ते अधिपति होते. नेफाचें रक्षण कसें करावें याविषयीं १९५९ सालीं त्यांनीं एक टिपण वरिष्ठांकडे धाडलें, आणि मार्च १९६० मध्यें लखनौस 'लाल किल्ला' नांवाची कवाईत कागदावर मांडून दाखविली. हद्दीच्या टोंकाशीं सैन्य न पसरतां मागें योग्य ठिकाणीं उभें राहावें, शत्रूस लांब वाट चालून येऊं द्यावें, असा त्याचा आशय. दिल्लीनें ती गोष्ट मनावर घेतली नाहीं. थोरातांचें लिहिणें संयमी आहे. आपलें भाकीत खरें ठरलें याचा विजयोन्माद त्यांत नाहीं, आणि म्हणूनच तें अधिक बोंचतें. १९९१ सालीं आलेलें पलित यांचें 'वॉर इन हाय हिमालय' याहून महत्त्वाचें. पलित हे १९६२ सालीं सेनेच्या मुख्य कचेरींत लष्करी हालचालींचे संचालक. दिल्लीच्या बैठकींत बसलेल्या माणसानें, तीस वर्षांनंतर, राग निवल्यावर लिहिलेलें हें पुस्तक; आमच्या मतें या सर्व बखरींत पत्रांच्या सर्वांत जवळ जाणारी बखर हीच.

आतां या पुस्तकांत काय नाहीं तें पाहा. चारीजण शिपाई आहेत. मंत्री बोलत नाहीं, सचिव बोलत नाहीं. १९५९ च्या ऑगस्टअखेर सेनापति थिमय्या यांनीं राजीनामा दिला आणि नेहरूंच्या सांगण्यावरून मागें घेतला. २ सप्टेंबरला नेहरूंनीं लोकसभेंत त्यावर निवेदन करतांना उलट थिमय्यांसच बोल लावला. मंत्र्याचें आणि सेनापतीचें एवढें कां बिनसलें, याची शिपायांनीं सांगितलेली बाजू आपण शंभर वेळां ऐकली. मंत्रालयाच्या भिंतींच्या आंत तें कसें दिसलें याचा एकहि विश्वसनीय वृत्तान्त आमच्या वाचनांत आला नाहीं.

याहून बोलकें उदाहरण २२ सप्टेंबर १९६२ चें. थाग ला डोंगराखालून चिन्यांस हांकलून द्यावें असें दिल्लींतल्या बैठकींत ठरलें. पंतप्रधान परदेशीं, संरक्षणमंत्री न्यूयॉर्कास संयुक्त राष्ट्रसंघांत. सेनापति थापर यांनीं तो हुकूम लेखी मागितला. लेखी हुकूम आला. मोजक्या वाक्यांचा, एका सहसचिवाच्या सहीचा. युद्ध आणि शांतता यांच्यामधली रेषा ओलांडणारा कागद, आणि त्याखालीं ना पंतप्रधानाची सही, ना मंत्र्याची! एखाद्या कादंबरीकारानें हा प्रसंग कल्पिला असता तर आम्ही त्यास अतिशयोक्तीचा दोष दिला असता. ज्या सहसचिवानें ती सही केली त्यास व्यक्तिशः दोष देण्यांत अर्थ नाहीं. तो सांगितलें तें लिहीत होता. पण सेनापतीस तो कागद कां मागावासा वाटला, आणि मागितल्यावर तो तेवढ्याच उंचीवरून कां आला, या दोन प्रश्नांतच खात्याचा सारा इतिहास सांठविलेला आहे. दळवी, कौल, पलित यांपैकीं कोणीहि तो संपूर्ण सांगूं शकत नाहीं, कारण त्यांतला कोणीहि त्या टेबलापलीकडे बसलेला नव्हता.

कृष्ण मेनन यांनीं आत्मचरित्र लिहिलें नाहीं. मुंबईकरांनीं त्यांस १९५७ व १९६२ या दोन निवडणुकींत लोकसभेवर पाठविलें, आणि १९६७ सालीं पराभूत केलें. त्यामुळें त्यांच्याविषयीं बरेंवाईट बोलण्याचा आपलाहि थोडा हक्क आहे. मायकेल ब्रेचर यांनीं त्यांच्याशीं केलेल्या संभाषणांचें पुस्तक १९६८ सालीं निघालें. त्यांत मेनन जगाच्या राजकारणाविषयीं चतुराईनें बोलतात, परंतु आपल्या खात्याविषयीं वाचकाचें समाधान होत नाहीं. २०१९ सालीं जयराम रमेश यांनीं कागदपत्रांच्या आधारें त्यांचें मोठें चरित्र लिहिलें. मेननविषयींच्या दंतकथा दूर सारण्याचें काम त्यांत प्रामाणिकपणें झालें आहे. सर्व पापें मेननच्या माथीं मारणाऱ्यांनीं हेंहि ध्यानांत ठेवावें कीं, संरक्षणविषयक संशोधनाची स्वतंत्र संस्था त्यांच्याच कारकीर्दींत, १९५८ सालीं, निघाली, आणि मिग विमानें येथें बांधण्याचा रशियाशीं करारहि त्यांच्याच वेळचा. माणूस जिभेनें तिखट होता, अधिकाऱ्यांत पक्षपात करीत होता, आणि चीनकडून धोका नाहीं या समजुतीस घट्ट चिकटून बसला होता. हे तिन्ही दोष मोठे आहेत. पण त्या समजुतींत तो एकटा नव्हता, आणि पराभवानंतर तो घरीं गेला म्हणून इतरांचा हिशेब चुकता झाला असें नव्हे.

आणि मग चव्हाण. येथें आमचा मुख्य आक्षेप बखरकारांवर नाहीं, आम्हां मराठी लोकांवरच आहे. ज्या माणसानें मोडलेलें खातें हातीं घेऊन चार वर्षें चालविलें, त्याच्या त्या चार वर्षांचें आपण एक वाक्य केलें आणि त्यास हार घालून ठेवला. कऱ्हाडच्या या माणसाचीं मराठी चरित्रें नाहींत असें नाहीं. रामभाऊ जोशी यांचें 'इतिहासाचें एक पान' सर्वांस माहीत आहे. पण चरित्राची दृष्टि व्यक्तीवर असते, खात्यावर नसते. स्वतः चव्हाणांनीं लिहिलेलें 'कृष्णाकांठ' १९८४ सालीं प्रसिद्ध झालें. मराठींतल्या उत्तम आत्मचरित्रांत आम्ही त्याची गणना करतों. पण तें १९४६ शीं येऊन थांबतें. पुढचे दोन भाग लिहिण्याचा त्यांचा मानस होता. दिल्लीच्या दिवसांचा भाग यमुनेच्या नांवानें व्हावयाचा होता. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत ते वारले. इतका नेमका, इतका मोजून बोलणारा माणूस संरक्षणखात्याविषयीं आपल्या भाषेंत लिहिण्यापूर्वींच गेला, ही मराठी वाङ्मयाची हानि किती मोठी आहे याचा आपण पुरेसा विचारच केलेला नाहीं.

जें उरलें तें राम प्रधान यांच्यामुळें. प्रधान हे चव्हाणांचे खाजगी सचिव. पुढें केंद्र सरकारचे गृहसचिव व अरुणाचलचे राज्यपाल झाले. 'डिबॅकल टू रिव्हायव्हल' (१९९९) आणि १९६५ च्या युद्धकाळांतल्या चव्हाणांच्या दैनंदिनीवर आधारलेलें दुसरें पुस्तक (२००७), अशीं त्यांचीं दोन पुस्तकें या विषयावर आहेत. मंत्रालयाच्या आंतून लिहिलेलें असें फारच थोडें आहे, म्हणून त्यांचें मोल. विद्यार्थ्याच्या प्रश्नाचें उत्तर आम्हांस मिळालें तें बव्हंशीं येथेंच. चव्हाणांनीं केलें तें काम भाषणांत न मावणारें होतें. सेनेची भरती सव्वाआठ लाखांपर्यंत न्यावयाची, डोंगरी लढाईसाठीं नव्या डिव्हिजनी उभारावयाच्या, विमानदलाच्या पंचेचाळीस तुकड्या करावयाच्या, आणि हें सर्व १९६४ ते १९६९ अशा पांच वर्षांच्या आराखड्यांत बसवावयाचें. शस्त्रांसाठीं ते अमेरिकेस गेले. तेथें असतांनाच, मे १९६४ मध्यें, नेहरूंच्या मृत्यूची वार्ता आली. नंतर त्यांनीं रशियाची वाट धरली. आणि सर्वांत कठीण काम म्हणजे मंत्री व सेनापति यांचें बोलणें पुन्हां सुरू करणें. १ सप्टेंबर १९६५ रोजीं छांबवर पाकिस्तानी रणगाडे आले तेव्हां विमानदल वापरण्याची परवानगी चव्हाणांनीं त्याच संध्याकाळीं, पंतप्रधानांची वाट न पाहतां दिली. तीन वर्षांपूर्वीं एका सहसचिवाच्या सहीवर युद्ध पुकारणारें हेंच खातें! आम्हांस तरी ही संध्याकाळ त्या हिमालय-सह्याद्रीच्या वाक्याहून कितीतरी मोठी वाटते.

परंतु प्रधानांच्या पुस्तकांतहि बखरीचा दोष आहेच, आणि तो गोड असल्यामुळें अधिक सांभाळून वाचला पाहिजे. धन्यावर निष्ठा असलेल्या सेवकास धनी चुकलेला दिसत नाहीं. १९६५ च्या युद्धांत आरमारास जवळजवळ बाजूस बसविण्यांत आलें. पोरबंदरच्या उत्तरेस जाऊं नये अशी त्यास ताकीद होती, आणि द्वारकेवर शत्रूच्या जहाजांनीं तोफा डागल्या तेव्हां आपलें आरमार हात चोळीत राहिलें. विमानदलाचे तेव्हांचे उपप्रमुख पी. सी. लाल यांनीं आपल्या आठवणींत तिन्ही दलांची एकत्र योजनाच नव्हती अशी तक्रार केली आहे. खुद्द मंत्रालयाच्या इतिहासविभागानें लिहिलेल्या ग्रंथांत याहून गंभीर गोष्ट आहे. युद्ध आणखी चालविल्यास जय मिळेल काय असें शास्त्रींनीं विचारलें असतां, पहिल्या फळीचा दारूगोळा बहुतेक संपला आहे असें सेनापति चौधरी यांनीं सांगितलें. मागाहून हिशेब झाला तेव्हां तो बराचसा शिल्लकच निघाला, असें तो ग्रंथ सांगतो. युद्धबंदी मान्य करणें शहाणपणाचें होतें कीं नव्हतें हा प्रश्न वेगळा. पण कोठारांत काय आहे हें जर सेनापतीस नीट सांगतां आलें नाहीं, तर तें ताडून पाहणें मंत्रालयाचें काम नव्हे काय? सह्याद्रि हिमालयाकडे धांवला हें खरें. त्याच्याच पायथ्याशीं असलेल्या समुद्राचा मात्र त्या घाईंत विसर पडला. चव्हाणांचा थोरपणा या गोष्टी सांगितल्यानें उणा होत नाहीं. न सांगितल्यानें मात्र त्यांचें चित्र कॅलेंडरावरचें होतें.

चव्हाणांनंतरहि हें खातें मराठी माणसांकडे अधूनमधून आलें. शंकरराव चव्हाण १९८४ सालीं कांहीं महिने. शरद पवार १९९१ च्या जूनपासून १९९३ च्या मार्चपर्यंत. प्रमोद महाजन १९९६ सालीं तेरा दिवसांच्या मंत्रिमंडळांत. आणि गोमंतकाचे मनोहर पर्रीकर २०१४ ते २०१७. यांपैकीं पवारांचें 'लोक माझे सांगाती' २०१५ सालीं निघालें. सेनेंत स्त्रियांस अधिकारी म्हणून घेण्याचा निर्णय १९९२ चा, पवारांच्या कारकीर्दींतला. आणि सेनाधिकाऱ्यांचा विरोध असतां तो आपण कसा घडवून आणला हें ते मोठ्या समाधानानें सांगतात. तें वाचून एक गोष्ट तीव्रतेनें जाणवते. खात्याविषयीं आपले मंत्री बोलतात तेव्हां निर्णयाविषयीं बोलतात; निर्णयापूर्वींच्या वादाविषयीं, विरोधी मताच्या बलाविषयीं ते ओझरतें बोलून पुढें जातात. पर्रीकर २०१९ सालीं वारले. त्यांच्या मागें त्यांच्या हातचें आत्मचरित्र नाहीं.

राहिले कागद. पराभवाची चौकशी हेंडरसन ब्रुक्स व भगत या दोन सेनाधिकाऱ्यांनीं केली, आणि १९६३ सालीं अहवाल सादर केला. तो सरकारनें आजवर प्रसिद्ध केलेला नाहीं. २०१४ सालीं नेव्हिल मॅक्सवेल या परकी लेखकानें त्याचा बराचसा भाग लोकांपुढें ठेवला, तेवढाच आपणांस वाचावयास मिळतो. १९६२ च्या युद्धाचा इतिहास मंत्रालयाच्याच विभागानें १९९२ पर्यंत लिहून तयार केला. त्याच्या लेखकांत कर्नल अनिल आठले होते. तोहि रीतसर छापून विक्रीस आला नाहीं. १९६५ च्या इतिहासाची तऱ्हा अशीच. तो पुस्तकरूपानें निघावयास २०११ साल उजाडलें. याच्या उलट कारगिलच्या समितीचा अहवाल, कांहीं मजकूर वगळून कां होईना, वर्षाच्या आंत लोकांच्या हातीं आला, आणि त्यामुळें राष्ट्र कोसळून पडल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं. २०२१ च्या जूनमध्यें मंत्रालयानें असें धोरण जाहीर केलें कीं, कागद सामान्यतः पंचवीस वर्षांनीं राष्ट्रीय दफ्तरखान्याकडे सोंपवावे, आणि युद्धाचा इतिहास पांच वर्षांत लिहून व्हावा. धोरण उत्तम आहे. आम्ही पेटारा उघडण्याची वाट पाहत आहोंत. राजवाडे वाईच्या वाड्यांतून रुमाल सोडवून आणीत, तेव्हां त्यांस निदान घरमालकाशीं हुज्जत घालतां येत असे.

त्या विद्यार्थ्यास आम्हीं एक काम दिलें होतें. २ सप्टेंबर १९६३ रोजीं चव्हाणांनीं त्या चौकशीविषयीं लोकसभेंत केलेलें निवेदन छापील कामकाजांत आहे. अहवाल नाहीं तर निदान हें वाच, असें आम्हीं त्यास सांगितलें. आठ दिवसांनीं तो कागद घेऊन आला. चौकशीचे विषय त्यानें पेन्सिलीनें ओळीनें लिहून काढले होते: शिक्षण, साहित्य, हुकुमाची व्यवस्था, शिपायांची शारीरिक क्षमता, आणि अधिकाऱ्यांची आपल्या माणसांस चालविण्याची लायकी. "सर," तो म्हणाला, "हीं पांचही कलमें सैन्याचीं आहेत. मंत्रालयाची चौकशी कोणत्या कलमांत येते?" आम्हीं कागद हातीं घेऊन पुन्हां वरपासून खालपर्यंत वाचला. सहावें कलम त्यांत नव्हतें.